डिचोलीहून पेडण्याला, मामाची भिंत बघायला

"हात कापतात, पण डोळे बरे आसात. एकदा माझी भिंत दाखव गो," मामा फोनवर म्हणाला आणि शनिवारी पहाटे मी कोल्हापूरहून गाडी काढली. आंबोली उतरून सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग करत डिचोलीला मामाकडे पोचेपर्यंत दुपार झाली. दोडामार्गाच्या पुढे रस्ता वळणावळणाचा आहे, उजेडातच गाठा.

मामा चित्रकार. तरुणपणी खाणीचे ट्रक रंगवायचा, पुढे दशावताराचे पडदे आणि देवळांच्या भिंती. फिका रंग त्याला सोसत नसे. "फिको म्हणजे आजारी," म्हणायचा. खाणी बंद पडल्या, पडदे छापील झाले, मामी गेली, शेवटी कंपवाताने ब्रशही सुटला. आपल्याला खरं जमलेलं काम एकच, असं तो मानायचा: पेडण्याजवळच्या एका देवळातला गजेंद्रमोक्ष. पोपटी तळं, लालभडक कमळं आणि गर्द निळा हत्ती.

रविवारी सकाळी डिचोलीच्या बाजारात पातळभाजी आणि गरम उंडे, म्हणजे इथले गोल पाव, खाल्ले. स्वस्त आणि चविष्ट, चुकवू नका. मामाने इस्त्रीचा केशरी शर्ट घातला होता. म्हापशाची गर्दी मागे टाकून कोलवाळचा पूल ओलांडला, तसा काजूच्या बोंडांचा आंबूस वास गाडीत शिरला. मामा वाटभर बोलत होता. हत्ती निळा कसा, म्हणून गावकरी भांडायला आले होते म्हणे. "हांवें सांगलें, तो पाण्यांत उबो आसा, तुमच्या आंगणांत न्हय!"

देवळात शिरलो. भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत पांढऱ्या, करड्या रेघांच्या चकचकीत टाइल्स होत्या.

मामाने टाइल्सवरून बोट फिरवलं. मग पुजाऱ्याला विचारलं, "हांगा चित्र आशिल्लें?"

"आशिल्लें. ओल येताली, रंग सुटतालो. आतां फडको मारलो की जालें."

"टाइल्स चित्राच्या वयरच बसयल्यो?"

"ना हो, टाचे मारून पयलीं भिंत खरवडली. नाजाल्यार सिमेंट धरिना." पुजारी उत्साहाने सांगत होता. "डिचोलेच्या कोणातरी पेंटरान काडिल्लें म्हणटात. गेलो आसतलो आतां."

मी तोंड उघडलं. मामाने माझं मनगट दाबलं.

"गेलो आसतलो," तो म्हणाला, आणि तीर्थासाठी हात पुढे केला. निम्मं तीर्थ शर्टावर सांडलं.

मोरजी जवळच, म्हणून त्याला समुद्रावर नेलं. कासवांच्या अंड्यांभोवती दोऱ्या बांधल्या होत्या, पर्यटक लांबून फोटो काढत होते. "खाली उतर ना, मामा."

"आज नाका, बाये."

माशांचं जेवण मागवलं, ते त्याने नुसतं चिवडलं. परतीच्या वाटेवर मी त्याला कोल्हापूरला राहायला चल म्हटलं.

"थंय माका कोण वळखता?"

इथे तरी कोण ओळखतं, हे ओठांवर आलं होतं. मी काच खाली केली.

आता घरी आहे. गोवा कसा झाला, असं लोक विचारतात. रस्ते बरे आहेत, सांगते. पण पुजाऱ्यासमोर मामाचं नाव घ्यायला हवं होतं का, हे मनातून जात नाही. काल फोनवर त्यालाच विचारलं.

"नांव सांगून कितें जाल्लें? तो 'अरेरे' म्हणटलो," मामा म्हणाला. "तें आयकूंक हांव गेल्लों काय?"

मग कोल्हापुरात ऊन किती आहे, ते त्याने विचारलं.