जुळलंकाकू

जुळलंकाकूंचा स्वतःच्या कानांवर अजिबात विश्वास नव्हता. बोईसरच्या आमच्या भजनी मंडळात त्या पेटी वाजवत. कुणाचा सूर जरा घसरला की मान वर न करता नुसतं "उंहू" करत. पण त्याच काकू एखाद्या सीडीची कॉपी काढून देताना म्हणत, "चांगली ऐकू येते का, ते मला विचारू नकोस. कान लबाड असतात. जुळली का, ते विचार." मग कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत, नवस फेडून आल्यासारख्या चेहऱ्यानं म्हणत, "जुळलं!" त्यावरूनच आमच्या इमारतीत त्यांचं नाव पडलं. दारावरच्या पाटीवर कोणतं आडनाव होतं ते आठवायला मला आजही थांबावं लागतं.

या नादाची सुरुवात रागातून झाली. काकू मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमान तारापूरच्या वीज प्रकल्पात नोकरीला होते म्हणून इकडे आल्या, आणि ते गेल्यावरही इथेच राहिल्या. मंडळाच्या भजनांची एक सीडी होती. तिच्या कॉपी बाजारातल्या एका दुकानातून करून आणल्या, तर मधेमधे टिकटिक आणि शेवटची आरती अर्ध्यात तुटलेली. दुकानदार म्हणाला, "आंटी, इतना तो चलता है." काकूंना ते काही चाललं नाही. त्यांनी मुलाचा जुना कॉम्प्युटर झाडून पुसून घेतला, मुलाला फोन करकरून पिडलं आणि स्वतः शिकल्या. लोक सीड्या टाकून देत होते त्या काळात ही बाई सीडी शिकत होती.

बंद केलेल्या गॅलरीत त्यांचं बस्तान होतं. सीडी वाचणारे दोन ड्राइव्ह, तेही वेगवेगळ्या बनावटीचे. मी विचारलं, दोन कशाला? तर म्हणाल्या, "दोन्ही साक्षीदार एकाच घरातले असून कसं चालेल?" सीडी आधी साबणाच्या पाण्यानं धुवायची, जुन्या मलमलच्या तुकड्यानं पुसायची, पण गोल गोल नाही, मधून कडेकडे सरळ. मग दोन्ही ड्राइव्हवर सावकाश वाचायची. दोघांनी वाचलेलं अगदी टिंबाटिंबानं सारखं आलं, तरच ते खरं. मला यातलं निम्मं कळत नसे. मी चहा घेऊन जायचे आणि माना डोलवायचे.

"पण काकू, आमच्या प्लेअरवर तर ओरखडे पडलेली सीडीपण नीट वाजते," मी एकदा म्हणाले.

"प्लेअर थापा मारतो," काकू म्हणाल्या. "त्याला जिथं वाचता येत नाही तिथं तो आजूबाजूचं बघून अंदाजानं भरून टाकतो. आपल्याला वाटतं, गाणं अखंड आहे. माणसं नाही का, ऐकू न आलेलं मनानंच भरून टाकत?"

आणखी एक हट्ट होता. आवाज 'स्वच्छ' करून द्यायच्या नाहीत. एका गृहस्थांच्या वडिलांच्या अभंगात मागे कुकरची शिट्टी होती. ती काढा म्हणून ते परोपरीनं विनवत होते. काकू म्हणाल्या, "कुकर तुमच्या आईनं लावला असेल ना? मग राहू दे. माझं काम उतरवून घेण्याचं, सुधारण्याचं नाही." ते गृहस्थ जरा गोंधळून बघत राहिले आणि तशीच सीडी घेऊन गेले.

अशा काकूंकडे मीच हिराबाईला घेऊन गेले. हिराबाई जवळच्या पाम गावची, बोईसरच्या बाजारात सुकी मच्छी घेऊन बसते. माहेर दातिवऱ्याचं. तिची आई हळदीची गाणी म्हणायची. आई थकत चालली तेव्हा हिराबाईनं पालघरच्या एका मुलाला घरी बोलावून ती गाणी रेकॉर्ड करून घेतली होती. त्याच्या दोन सीड्या निघाल्या, एक हिराबाईकडे आणि एक तिच्या धाकट्या बहिणीकडे, शिरगावच्या जनाबाईकडे. आई गेल्यापासून दोघी बहिणी बोलत नव्हत्या. हिराबाई म्हणे, आईच्या शेवटच्या आजारात जना आली नाय. जनाबाई म्हणे, मला कुणी कळवलंच नाय.

"काकू, वर्षश्राद्धाला घरच्यांना वाटायच्या हायत," हिराबाई म्हणाली. "आणि एका गाण्यात आय मधीच थांबते नि मना बोलावते. 'हिरे, जवळ ये,' बोलते. ते तेवढं नीट यायला पायजे." हे सांगताना तिनं पदर डोळ्यांना लावला.

नेमकं तेच जुळेना. बाकी सगळी गाणी जुळली, पण त्या एका जागी दोन ड्राइव्ह दोन वेगळ्या गोष्टी सांगत. पुन्हा धुतली, पुन्हा वाचली, तर तिसरंच काही आलं. कधी 'हिरे' वाटे, कधी 'इरे', कधी नुसतीच खरखर. काकूंचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी म्हणाल्या, "त्या जागी ओरखडा खोल आहे. दुसऱ्या बहिणीची सीडी मिळाली पाहिजे. तिची तिथं चांगली असेल."

हिराबाई काही मागणार नव्हती. मग मी आणि काकूच निघालो. एसटीनं पालघर, तिथून रिक्षानं शिरगाव. जनाबाई ओट्यावर बारीक सुक्या कोळंबीचा जवळा निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन साडीत गुंडाळलेली सीडी घेऊन आली. "प्लेअर कवाच बिघडला. आय गेल्यापासून मी ऐकलीच नाय," ती म्हणाली. "पण मी देणार नाय. मी पण येते संगती."

अशा त्या दोघी बहिणी काकूंच्या गॅलरीत समोरासमोर आल्या. हिराबाईनं तोंड फिरवलं. जनाबाई खिडकीतून बाहेर बघत बसली. सीडी वाचून झाली, पडद्यावर सगळं हिरवं आलं, आणि काकू हळूच म्हणाल्या, "जुळलं." मग त्यांनी ती जागा लावली.

म्हातारीचा थकलेला, पण सुरेल आवाज. हळदीचं गाणं. मधेच थांबली, आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "कमळे, दार लाव गो." आणि पुन्हा गायला लागली.

हिराबाईनं काकूंकडे असं पाहिलं, की जणू काकूंनीच काहीतरी हातचलाखी केली आहे. "पुन्ना लावा," ती म्हणाली. काकूंनी पुन्हा लावलं. पुन्हा कमळीच.

"ही कमळी कोण?" मी विचारलं.

"मना काय ठाऊक?" हिराबाई म्हणाली. "त्या पोराबिगर घरात आय नि मी, आमी दोघीच होतो. काकू, ते पयल्यासारखं करा ना. माझ्या सीडीत होतं तसं. कुणाला काय कळतंय?"

आणि काकू, कुकरची शिट्टीसुद्धा न काढणाऱ्या काकू, खाली मान घालून म्हणाल्या, "बघते."

मी चकितच झाले. हिराबाई तोंडावर पाणी मारायला आत गेली, तशी काकू माझा हात धरून पुटपुटल्या, "अगं, मी कशाला शोधत बसले? प्लेअरची थाप बरी होती की. तिला आई बोलावत होती त्यात. आता मी खरं काय दिलं तिला? एक परकं नाव आणि दार!" इतकी वर्षं मी त्यांना गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. खरं द्यावं की बरं वाटेल ते द्यावं?

उत्तर दिलं ते जनाबाईनं. हिराबाई बाहेर येताच ती म्हणाली, "नको गो बदलू. आय बोलली ती बोलली. माझं पण नाव नाय घेतलं तिनं. आपण इचारू कुणालातरी."

जवळजवळ वर्षभरानं बहिणीनं बहिणीला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. हिराबाईनं नाक ओढलं. "कुणाला इचारणार? मामी हाय फक्त."

मग दोघी खरंच दातिवऱ्याला गेल्या. आल्या त्या जास्तच गोंधळून. मामी म्हणाली, कमळी ही आईची पाठची बहीण, लहानपणीच तापानं गेली. शेजारची म्हातारी म्हणाली, छे, बहिणीचं नाव वेगळंच होतं, कमळी तर तुम्ही जन्मायच्या आधीची तुमच्याकडची बकरी.

"बकरीला कोण दार लाव बोलतं?" जनाबाई काकूंना विचारत होती.

"आयचा काय नेम नाय, बोलली असेल," असं म्हणून हिराबाई आधी हसली आणि मग रडली. जनाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. काकू कधी एकीकडे, कधी दुसरीकडे बघत होत्या. "शब्द जुळला, पण माणूस काही जुळेना," असं म्हणत त्यांनी कोऱ्या सीड्या काढल्या आणि काहीही न कापता सगळ्या कॉपी करून दिल्या. वर्षश्राद्ध दोघींनी मिळून केलं. पंगतीत कमळीबद्दल म्हणे आणखी दोन मतं निघाली.

त्यानंतर काकूंचे गुडघे फार दुखायला लागले आणि मुलानं त्यांना नागपूरला नेलं. ड्राइव्ह, कॉम्प्युटर सगळं भंगारात गेलं. नव्या घरात जागा नव्हती. निघताना मला वाटलं होतं, काहीतरी मोठं बोलतील. त्या फक्त म्हणाल्या, "पेटीचा भाता उंदरांपासून जप." मी रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले. रडावं की नाही, ते मला कळत नव्हतं. त्या पुढच्या महिन्यात परत येतील असंच वाटत होतं. त्या आल्या नाहीत.

फोन मात्र येत. दर फोनला प्रश्न एकच, "कमळीचं काही कळलं का गं?" मी नाही म्हणायचे. गेल्या पावसाळ्यात मात्र माझ्याकडे बातमी होती. हिराबाईला नात झाली आणि दोघी बहिणींनी मिळून तिचं नाव कमल ठेवलं. हिराबाई बाजारात मला म्हणाली होती, "आता कुणी इचारलं तर दाखवायला एक कमळी तरी हाय."

मी ते सांगितलं.

"आवाज कसा आहे पोरीचा?" काकूंनी विचारलं.

"खणखणीत."

"मग रेकॉर्ड करून ठेवा म्हणावं. आणि सांग त्या दोघींना, हाक मारताना जरा धड बोला. मागे राहणाऱ्यांचे फार हाल होतात गं."

त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला फोनवरून कळलं नाही.