उभ्यानं न शिंकणाऱ्या आशाताई

शिंक आली की आशाताई आधी खाली बसत. हातात लसीचा डबा असो की कुणाचं बाळ, ते बाजूला ठेवून, गुडघे आवळून बसत आणि मगच शिंकत. भूमजवळच्या उपकेंद्रात मी नर्स होते आणि त्या गावच्या आशा सेविका. अख्ख्या गावाच्या बाळंतपणांची त्यांना खडान्‌खडा माहिती. स्वतःबद्दल मात्र मिठाची गुळणी.

घराबाहेर पडायचं असलं की त्या सकाळपासून पाणी पीत नसत. आणि आम्ही दोघी मिळून बायांना सांगायचो, पाणी भरपूर प्या! बैठकीत त्यांची जागा ठरलेली, दाराजवळ. का म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "वारं लागतंय इथं." दार बंद असलं तरी त्यांना वारं लागायचंच.

एके दिवशी त्यांनी काम सोडायचा अर्ज माझ्यापुढं ठेवला. कारण लिहिलं होतं, गुडघेदुखी.

मी विचारलं, "आशाताई, खोकताना लघवी होते ना?"

त्यांचा चेहरा उतरला. "कुणाला बोलू नका सिस्टर. वस्तीवर चालत जाईस्तोवर साडी भिजती. गर्भपिशवी काढली की थांबंल, डॉक्टर म्हणले व्हते. न्हाय थांबलं. आता काय राहिलंय काढायला?"

आमच्याकडे बाईचं काहीही दुखलं की पिशवीवर येतं. मी त्यांना सोलापूरला नेलं. डॉक्टरबाईंनी आधी काही महिने व्यायाम दिले. फरक पडला, पण पुरता नाही. मग त्या म्हणाल्या, "काढायचं काहीच नाही. लघवीच्या नळीखाली जाळीची बारीक पट्टी बसवायची. दोन-तीन छोटे छेद, दुसऱ्या दिवशी घरी." काय बिघडू शकतं, तेही त्यांनी नीट सांगितलं. आशाताईंनी विचार करायला आठवडा घेतला आणि हो म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "उभ्यानं खोका." आशाताईंनी माझा हात घट्ट धरला. सवयीनं बसायला गेल्या, थांबल्या, उभ्याच खोकल्या. पुन्हा खोकल्या. कपडे कोरडे. रडू त्यांना यायला हवं होतं, आलं मला.

विश्रांती संपवून त्या कामावर आल्या, मी पुढं न पाठवलेला अर्ज फाडला, आणि महिलांच्या बैठकीत मधोमध उभ्या राहिल्या. "बायांनो, हसताना-खोकताना माझी साडी भिजायची. अजून कुणाकुणाची भिजती? हात वर करा."

सगळ्या जमिनीकडे बघू लागल्या. न सांगता मला त्यांचं दुखणं कसं कळलं, हे आशाताईंनी कधी विचारलं नव्हतं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. नर्स असून मी इतकी वर्षं गप्प बसले होते, याची मला त्या क्षणी फार लाज वाटली.

पहिला हात मी वर केला.