फाटकावरची पुठ्ठ्याची खोली

आमच्या धर्मापुरीत हल्ली कशाचंही उद्घाटन होतं. हातपंपाचं होतं, त्याच हातपंपाच्या दुरुस्तीचं होतं, एकदा तर स्मशानातल्या बाकड्याचं झालं आणि त्या बाकड्यावर बसून लोकांनी पेढे खाल्ले. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे या सगळ्याच्या पत्रिका, हात जोडलेले फोटो आणि नावापुढचं 'भावी' माझ्याच मशीनमधून बाहेर पडतं. मला या प्रकाराची शिसारी येते, हे आधीच सांगून टाकते. राधाकिशनकाकांबद्दल मला शांतपणे बोलता येत नाही.

काका रेल्वेत गेटमन होते. परळीच्या अलीकडे, शेतातून जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं फाटक होतं आणि फाटकामागे दहा पावलांवर राहायची एक खोली. त्या खोलीत काकांनी आणि सुंदरबाई काकूंनी एकोणीस वर्षं संसार केला. स्टेशनातून फोन आला की काका फाटक पाडायचे आणि गाडी पूर्ण गेल्याशिवाय उघडायचे नाहीत. एकदा आमच्या गावचे पुढारी बबनराव तीन गाड्या घेऊन तिथे अडकले. हॉर्न झाले, शिव्या झाल्या, बदली करण्याच्या धमक्या झाल्या. काका म्हणाले, "फाटकाचा मालक मी न्हाई, गाडी हाय. ती आली की इचारा तिला." बबनराव पंचवीस मिनिटं धुळीत बसले.

काका निवृत्त झाले त्याच वर्षी तिथे रुळांखालून रस्ता काढला. फाटक गेलं, खोली पाडली, आणि नवरा-बायको गावात राहायला आले. काकांना करमेना. अंबाजोगाईला दिलेल्या त्यांच्या मुलीनं, मनिषानं, त्यांना सेलवर चालणारी छोटी आगगाडी आणून दिली. काकांनी पलंगावर प्लायवुड टाकलं, त्यावर रूळ मांडले आणि दोन दिवस गाडी फिरवली. तिसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन माझ्या दुकानात आले.

"योगिता, हे जाड कागदावर छापून दे. कापायचं, दुमडायचं, चिकटवायचं, की इमारत उभी."

ते परदेशातलं स्टेशन होतं. लाल कौलं, धुराडं, खिडकीत फुलांच्या कुंड्या. काकांनी आठ दिवस खपून ते उभं केलं. सुंदरबाई काकूंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यात कोण ऱ्हातं? पाव्हणे?"

तेव्हा काकांनी ठरवलं की आपली खोली करायची. फोटो नव्हता एकही. रेल्वेच्या खोलीचा फोटो कोण काढून ठेवतो? मग काका आठवून आठवून पेन्सिलीनं चारही भिंती आडव्या मांडून काढायचे, कडेला चिकटवायच्या पट्ट्या ठेवायचे, मी ते स्कॅन करून विटांचा आणि चुन्याचा रंग भरायची आणि जाड कार्डावर प्रिंट द्यायची. पहिल्या वेळी मशीननं कागदात बसावं म्हणून चित्र आपोआप जरासं लहान केलं. काका दुसऱ्या दिवशी हजर. "दार बसंना. माझी खोली कमी केलीस तू." त्यानंतर मी प्रत्येक कागद पट्टीनं मोजून दिला.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. घडी पडायच्या रेषेवरून ते संपलेली रिफिल फिरवायचे, म्हणजे कार्ड फाटत नाही. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात, त्या स्केचपेननं विटकरी करायचे. पत्र्याला बिस्किटाच्या खोक्याचा आतला घड्यांचा कागद. खिडकीची काच शर्टाच्या खोक्यावरची. या माणसानं आयुष्यभर लोखंडी दांडा वर-खाली केला होता आणि आता त्याची जाड बोटं नखाएवढी कडी चिमट्यानं दाराला लावत होती.

खोली झाली की काकूंपुढे जायची. काकू बघायच्या आणि म्हणायच्या, "न्हाई. ही न्हाई."

चूल डाव्या हाताला होती. मग काकांनी दुसरी खोली केली. खिडकी एवढी मोठी नव्हती, कोळशाची गाडी गेली की सगळी काळी भुकटी आत यायची म्हणून निम्मी बंद केलेली होती. तिसरी. ओटा फुटका होता. चौथी. असं आठ वेळा झालं. मी एकदा वैतागून म्हणाले, "काकू, छान झालीय की. म्हणा हो एकदा." काकू माझ्याकडे वळल्या. "एकोणीस वर्सं काढली म्या तिथं. लई साप, लई धूळ. तोंडदेखलं कावून म्हणू?"

काकांचं मात्र एकच चाललं होतं. तिनं एकदा बघून 'हीच' म्हणायला पाहिजे. बाकी कुणी काय म्हणतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

नववी खोली झाली तेव्हा काकू घरी नव्हत्या. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मनिषाकडे गेल्या होत्या. काकांनी त्या पंधरा दिवसांत पत्र्यावरचं ठिगळसुद्धा केलं, डांबर लावलेलं, कडेनं उचकटलेलं. मी बघितलं आणि मला वाटलं, आता काकू नाही म्हणूच शकणार नाहीत. आणि मग मी माती खाल्ली. दुकानात त्या खोलीचा फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला.

तासाभरात बबनरावांचा प्रविण दारात. हा प्रविण म्हणजे बबनरावांना आण्णा म्हणणारी त्यांची सावली, तोंडात कायम गुटखा. "आण्णांच्या वाढदिवसाला गावातल्या कलाकारांचं प्रदर्शन लावायलोत. काकांची रेल्वे पाह्यजे. आण्णा उद्घाटन करतेत." काका दुकानातच होते, ते नको म्हणत होते. मीच म्हणाले, "काका, त्याच दिवशी काकू येणार आहेत ना? चार लोकांत बघतील, आनंद वाटेल." हे माझं वाक्य मला अजून टोचतं.

शाळेच्या पटांगणात मांडव टाकला होता. फ्लेक्सवर बबनरावांचा चेहरा बैलाएवढा, आणि खाली कोपऱ्यात 'हस्तकला: श्री. राधाकिशन' हे मुंगीएवढं. मी छापलेलं नव्हतं, परळीहून आणलं होतं. टेबलावर प्लायवुड, त्यावर रूळ, स्टेशन, फाटक. खोली काकांनी मुद्दाम टेबलाच्या पुढच्या कडेला ठेवली, काकूंना वाकावं लागू नये म्हणून. काकूंची जीप अजून पोचायची होती.

बबनराव आले. अत्तर, हार, मागे पंधरा मोबाईल. मला वाटलं होतं, फाटकावरचा राग मनात असेल. कशाचा राग आणि कशाचं काय! त्यांना काका आठवतसुद्धा नव्हते. "वा वा, आपल्या मातीतला हिरा!" म्हणत त्यांनी काकांना काखेत धरलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. शिव्या बऱ्या होत्या त्यापेक्षा.

"जरा थांबता का," काका म्हणाले, "मंडळी येऊ द्या. तिनं बघितली न्हाई आजून."

"आण्णाला मांजरसुंब्याला जेवाण हाय," प्रविण म्हणाला. "उरका."

उद्घाटन म्हटल्यावर नारळ आला. नारळ फोडायला दगड लागतो, तो आणायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. प्रविणनं इकडे-तिकडे बघितलं, खाली पिंक टाकली आणि म्हणाला, "कडंला हाणा की आण्णा." काका "आहो, आहो" करत पुढे झाले, त्यांना दोघांनी प्रेमानं मागे ओढलं, फोटोत येत होते म्हणून. बबनरावांनी टेबलाच्या कडेवर नारळ आपटला. फुटला नाही. सगळं प्लायवुड हादरलं, फाटक पडलं. दुसऱ्यांदा जोरात आपटला आणि अर्धी करवंटी थेट खोलीवर गेली. पत्रा आत बसला. पाणी भिंतींवर. त्यावर कुणीतरी हळद-कुंकू टाकलं, कुणीतरी झेंडूचं फूल ठेवलं. कार्ड ओलं झालं की ते थांबत नाही. आधी फुगतं, मग चिकटवलेल्या पट्ट्या सुटतात, मग भिंत हळूहळू बाहेर झोपते. त्या भिंती झोपत होत्या आणि मांडवात टाळ्या चालल्या होत्या.

काकांच्या खांद्यावर शाल पडली. बबनराव पाच मिनिटं बोलले, त्यात तीन वेळा 'विकास' आला. मग सगळी वरात गाड्यांत बसून निघून गेली. माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता. मी तो फेकायला हवा होता. पण शेजारच्या बाया बघत होत्या, म्हणून मी तो खाल्ला. स्वतःची इतकी घाण मला कधी वाटली नव्हती.

आणि मग काकू आल्या. काळा चष्मा, मनिषाचा हात धरलेला. काका टेबलापुढे आडवे उभे राहिले. "आज ऱ्हाऊ दे. दुसरी करतो मी."

"सरका," काकू म्हणाल्या.

त्यांनी चष्मा वर केला. बराच वेळ बघितलं. आत बसलेला पत्रा, पडलेली भिंत, कुंकवाचं पाणी, त्यातून दिसणारी डाव्या हाताची चूल. मी रडायच्या बेतात होते, माफी कशी मागावी हे जुळवत होते.

"हां," काकू म्हणाल्या. "हीच."

काका वाकून त्या पडक्या खोलीकडे बघायला लागले.

"तुमी पेन्शनीच्या कागदाला गेलते. खोली पाडायला आले त्यांनी आधी भिताडावर नारळ फोडला, कुंकू वाहिलं, मंग जेसीबी लावला. पत्रा आसाच आत बसला."

"तू तिथं व्हतीस?"

"मंग भांडी कोण काढणार व्हतं?" काकूंनी ओल्या भिंतीवरचं झेंडूचं फूल उचलून बाजूला टाकलं. "चूल कुठं व्हती, खिडकी केवढी व्हती, सगळं इचारलंत. पाडली तवा म्या काय केलं, हे न्हाई इचारलंत कधी."