पिंपाला कान लावणारे भावजी

दारूचा थेंब न चाखता उभं आयुष्य तिच्याच काळजीत घालवणारा माणूस आमच्या सोलापूर जिल्ह्यात एकच असणार, आणि तो माझा धाकटा दीर आहे. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूती आणि कुंभारीच्या रानात वाइनच्या काळ्या द्राक्षांची बाग. आजूबाजूला सगळे गोड, बिनबियांची द्राक्षं लावत असताना भावजींनी ही बारीक, आंबट, बियांची जात आणली. भावकीतल्या एकाने मणी तोंडात टाकला, थुंकला आणि म्हणाला, "ही द्राक्षं हायती का करवंदं?" भावजी शांतपणे म्हणाले, "थुंकू नगा. बी हाय त्यात. तिचंच तर समदं काम हाय."

वेलींशी ते बोलतात. आमचं घर दोन्ही भाषांचं, पण त्यांची वाटणी ठरलेली: लाड कानडीतून, रागावणं मराठीतून. घड नीट भरला की "बा मगा, बा" म्हणून लेकरासारखा गोंजारायचा आणि पानावर भुरीची पांढरी बुरशी दिसली की शुद्ध मराठीत तिचा उद्धार करायचा. "मराठीत जरा लागतंय, वैनी." छाटणीच्या दिवशी मात्र दोन्ही भाषा बंद. त्या दिवशी ते धड जेवतही नाहीत.

माल वायनरीला जायचा, एक पिंपभर रस हौसेपुरता घरी राहायचा. पहिल्या वर्षी त्याचा सल्ला दिला मी. तेव्हा मी पन्नाशीची, म्हणजे जगातलं सगळं कळून चुकलेली बाई. माझ्या लोणच्यांचा भावकीत दरारा होता आणि वाइन मी फक्त सिनेमातल्या खलनायकाच्या हातात पाहिली होती, एवढा अधिकार मला पुरेसा वाटला. "बरण्यांत घाला, तोंडाला दादरा बांधा, रोज ऊन दाखवा," असं मी खुर्चीत बसून फर्मावलं. वहिनीचा शब्द, भावजींनी निमूट पाळला. त्याचं असं झणझणीत व्हिनेगर झालं की त्यात मुरवलेल्या मिरच्या पाहुण्यांनी मागून नेल्या, आणि मी ते माझंच यश मानून वर्षभर मिरवलं.

पुढच्या वर्षी त्यांनी मला विचारलं नाही. झाकण घट्ट लावलं, त्यातून सलाईनची नळी काढली आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं, आतला वायू बाहेर यावा पण बाहेरची हवा आत जाऊ नये म्हणून. पाहुणे हळूच विचारायचे, "आजारी कोण हाय?" भावजी रोज सकाळी पिंपाला कान लावून आतली गुरगुर ऐकायचे, मग वास घ्यायचे, आणि त्या वासावर सगळं ठरवायचे. नाक तरी कसलं! आमटीत मीठ कमी आहे हे दारातून सांगायचे.

गेल्या वर्षीच्या तापात ते नाक गेलं. ताप उतरला, वास परतला नाही. त्यांचा मुलगा म्हणाला, "आप्पा, बास आता. वेल काढू, सांगोल्यासारखं डाळिंब लावू." यंदाचं पिंप उघडायच्या दिवशी मला बोलावणं आलं.

"वैनी, तुमची जीभ खोटं बोलत न्हाय. बिघडली आसंल तर बिघडली म्हणा. वेल उद्याच काढतो."

"अहो, मी कधी प्यायलेय का?"

"मी तरी कुटं प्यालोय!"

मी उजवा तळवा पुढे केला. त्यांनी पळीने थेंबभर घातलं. मी ते तीर्थासारखं घेतलं आणि सवयीने ओला हात डोक्यावरून फिरवला. त्यांची सून तोंडाला पदर लावून हसली. मी नाही हसले. आधी तुरट, मग जांभळासारखं काहीतरी, आणि शेवटी गुऱ्हाळात नुकत्याच ओतलेल्या गुळाचा वास.

"चांगली झालीय हो, भावजी. खरंच चांगली."

"वास कसा हाय?"

आता तो कसा सांगायचा? म्हटलं, "हाताला आहे की अजून. बघा बरं." त्यांनी विभूतीचं कपाळ खाली वाकवून माझ्या तळव्यापाशी नाक नेलं, डोळे मिटले.

"व्हय," म्हणाले, "येतोय की. लई ग्वाड येतोय." मग मुलाकडे वळून, "वेल ऱ्हाऊ दे."

सोलापूरला घरी परतताना एसटीत केस सारखे केले, तेव्हा बोटांना गुळाचा वास आला. उजव्या बोटांना. भावजींपुढे मी गडबडीत धरला होता तो डावा हात, कोरडा.

मी हे त्यांना सांगितलेलं नाही. आता छाटणी झाली की नव्या फुटीचा वास सांगायला मला बोलावतात. मी जाते.