चा होऊ द्या, मंग बोट लावा

आमच्या घरचं नेट दिवसातून तीन-चार वेळा जातं, म्हणून मी त्या दुकानात बसायला लागले. रिसोडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत ते आहे. बाहेर झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि 'सर्व ऑनलाइन कामे केली जातील' असा फलक. आत मागच्या भिंतीशी एक टेबल रिकामं पडलेलं होतं. तिथं बसू का, असं दुकानवाल्या भाऊंना विचारायला मला तीन दिवस लागले. ते "बसा ना, कोन उठवते" म्हणाले आणि पुन्हा झेरॉक्सकडे वळले.

मी पुण्यातल्या एका लहान कंपनीसाठी वेबसाइट बनवण्याचं काम करते. कंपनीनं ऑफिस सोडलं आणि ज्यानं त्यानं घरून काम करायचं ठरलं, तेव्हा सोबतच्या मुली पुण्यातच खोल्या घेऊन राहिल्या. मी परत आले. आई-बाबा दोघेही शिक्षक, सकाळी दोघं दोन गावांच्या शाळांवर निघून जातात. माझी शाळा वाशिमची, इंग्रजी माध्यमाची. घरी 'नीट बोल' अशी ताकीद असायची, म्हणून गल्लीतली भाषा मला फक्त ऐकता येते. बोलायला गेले की समोरचा हसतो. आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, मी 'येते' म्हटलं की लगेच कोणीतरी विचारतं, "कुठची वो तू?" मग मी बोलणंच कमी केलं.

भाऊ मला मॅडम म्हणायचे. रोज एकदा तरी विचारायचे, "मॅडम, कोनाशी बोलता का नाई दिवसभर? का त्या डब्याशीच?" डबा म्हणजे माझा लॅपटॉप. मी हसून मान हलवायची. ते चहा मागवताना माझ्याकडे बघायचे आणि मी 'नको' म्हणायची. कितीतरी महिने असंच चाललं.

सोयाबीन निघायला लागलं तशी दुकानात सकाळी गर्दी व्हायला लागली. माल विकायला एका खरेदी केंद्राचं टोकन फोनवरून घ्यायचं होतं. नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला सकाळी दहाला मेसेजमधून लिंक येई. ज्याचा नंबर, त्याच्याच फोनवर ती उघडे, म्हणजे एकानेच दहा जणांची टोकनं उचलू नयेत. टोकन त्याच दिवसाचं, माप त्याच दिवशी, आणि मापाच्या वेळी ज्याच्या नावावर शेत त्याचा अंगठा. टोकनं थोडी असत. दहा-बारा मिनिटांत संपत.

पहिल्या सकाळी मी कानात हेडफोन घालून बसले होते, पण गाणं लावलेलं नव्हतं. भाऊ काउंटरवरून सगळ्यांना सांगत होते, "पान उघडलं की लगेच बटनाले बोट लावू नका. लावलं का सारं पुसून जाते, पुन्हा भरा लागते. नाव-गाव भरून ठेवा, चा होऊ द्या, मंग बोट लावा."

एकानं विचारलं, "काहून बा असं?"

"थे पान झोपेतून उठून राह्यलं असते. उठल्याबिगर हात लावला का चिडते."

सगळे हसले. शेजारच्या टपरीतून चहा आला. लोक रकाने भरून फोन मांडीवर ठेवून चहा पिऊ लागले. कप रिकामा झाला की बोट लावत. काहींना टोकन मिळे, काहींना 'आजची टोकने संपली' असं दिसे. 'आजची टोकने संपली' हे वाक्य मी लिहिलेलं होतं. ते सगळं पानच मी लिहिलेलं होतं.

भाऊ म्हणत होते ते बरोबर होतं. आमचं पान सर्वरवर, म्हणजे दूरच्या एका संगणकावर, तयार होऊन येतं. त्यामुळे मजकूर, रकाने, बटण हे लगेच दिसतं. पण बटणात जीव घालणारी जावास्क्रिप्ट मागून उतरते. ती फोनवर पोचेपर्यंत आणि फोनला ती पचेपर्यंत बटण नुसतं चित्र असतं. त्याआधी दाबलं तर पान जुन्या पद्धतीनं पुन्हा उघडतं आणि भरलेलं सगळं जातं. पुण्यात ही मधली वेळ कोणाच्या लक्षातही येत नाही. इथल्या जुन्या फोनवर ती मी घड्याळ लावून पाहिली. पाऊण मिनिटाच्या आसपास होती. भाऊंनी दुकानाचं नेट दिलं तरी फारसा फरक पडत नव्हता, कारण उतरल्यावर पचायलाच वेळ लागे. पाऊण मिनिट कोणी मोजत बसत नाही. चहा मात्र सगळ्यांना मोजता येतो, आणि चहाला सहा-सात मिनिटं लागतात.

भाऊंना सांगितलं असतं की हे पान माझं आहे, तर त्या वीस माणसांनी माझ्याकडे वळून पाहिलं असतं.

चौथ्या दिवशी रिठद गावच्या एक मावशी आल्या होत्या. माझ्या नात्यातल्या नव्हेत. आमच्याकडे त्या वयाच्या कोणालाही मावशी म्हणतात. काचेला तडा गेलेला फोन त्यांनी पदराच्या टोकात गुंडाळून आणला होता. भाऊंनी सांगितलं तसं त्यांनी सगळं केलं. चहा पूर्ण प्यायल्या, कप खाली ठेवला, बोट लावलं. टोकनं संपलेली होती.

त्या भाऊंना म्हणाल्या, "आता वो? परवा सकाळी गाडी हाये आमची."

"कोनती गाडी?"

"उसाची. मुकादम दोघाईले नेऊन राह्यला. माल घरात पडला, वावर माह्या नावानं, अंगठा माहा. उद्या नाही झालं तर मले थांबा लागते."

"मंग थांबा. भाऊजी जातीन पुढं."

"ते अर्धा कोयता होते ना!" त्या एकदम मोठ्यानं म्हणाल्या. "अर्ध्या कोयत्याले कोन इचारते? कोना भलत्यासंग जोडून देते त्याईले. भाकर कोन करन? आन मी इथी एकटी काय करू, भिताडं पाहू?"

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. दोन माणसं, नाव एका हत्याराचं. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. भाऊ चिडवत म्हणाले, "एवढं प्रेम हाये तर अंगठाच कापून ठेवून जा माह्यापाशी," आणि त्या हसल्या. पण हसताना त्यांनी पदराचं टोक पुन्हा पुन्हा गुंडाळलं. उद्या येतो म्हणून गेल्या.

मी लॅपटॉप उघडला आणि जे चार दिवस टाळत होते ते पाहायला बसले. आमच्या पानाबरोबर फोनवर काय काय उतरतं ते चौकोनांत दाखवणारं एक साधन असतं. जितका चौकोन मोठा, तितकं ओझं जास्त. सगळ्यात मोठा चौकोन राज्यातल्या सगळ्या गावांच्या यादीचा होता. त्या मावशींच्या फोनवर आधी राज्यातलं प्रत्येक गाव उतरत होतं, आणि मग त्यातून त्या रिठद निवडत होत्या. दुसरा चौकोन तारखा लिहिणाऱ्या तयार संचाचा. मला फक्त मराठी महिने हवे होते, पण त्यात जगातल्या सगळ्या भाषांचे महिने होते. तिसरा बाजारभावाच्या आलेखाचा, जो पानाच्या तळाशी होता आणि तिथवर कोणी जातही नव्हतं.

यातलं जवळजवळ काहीच फोनवर जायची गरज नव्हती. सर्वरवर काम करून नुसतं उत्तर पाठवता आलं असतं. सगळं जात होतं ते एका ओळीमुळे. फाइलच्या अगदी वर एक छोटी सूचना लिहिली की ती फाइल आणि तिनं ओढून आणलेलं सगळं फोनवर पाठवलं जातं. ती सूचना फक्त बटणाच्या फाइलला हवी होती. पण ती अख्ख्या पानाच्या माथ्यावर होती.

ती मीच टाकलेली होती. या पानाच्या कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात एक चूक येत होती, का येते ते कळत नव्हतं. मीटिंगमध्ये विचारावं म्हणून मी दोनदा माइक चालू केला आणि दोनदा बंद केला. मग ती ओळ टाकून पाहिली, चूक गेली, मी गप्प बसले.

दुपारभर मी पान सोडवलं. सूचना वरून काढून बटणापुरती ठेवली. गावांची यादी सर्वरवरच ठेवली, तालुका निवडला की फक्त त्या तालुक्याची गावं यावीत. बारा महिन्यांची नावं हातानं लिहिली. आलेख काढून टाकला. आणि जावास्क्रिप्ट पोचायच्या आधी कोणी बटण दाबलंच, तर सर्वरनं ते साध्या फॉर्मसारखं स्वीकारावं, काही पुसू नये, अशी सोय केली. ओझ्याचा पाऊण भाग गेला. भाऊंचा जुना फोन मागून घेतला. "काय पायता?" ते म्हणाले. "काही नाही, टेस्ट," मी म्हणाले. बटण लगेच चाललं.

पण ते बदल टीम लीडनं मान्य केल्याशिवाय लोकांपर्यंत जात नाहीत. चार वाजताच्या मीटिंगमध्ये मी नेहमीप्रमाणे ते लिहून पाठवलं. तो म्हणाला, "हे पुढच्या आठवड्यात बघू ना. आत्ता सीझन चालू आहे, उगाच हात नको लावायला. माझ्या फोनवर तर झटकन होतंय."

मी माइक चालू केला. "इथं होत नाही."

"इथं म्हणजे?"

"रिसोडला."

कोणीतरी हसलं. मला वाटतं ते मला हसलं नसेल, पण मला तसंच ऐकू आलं. मी पुढे म्हणाले, "लोक फॉर्म भरून चहा पीत बसतात. पान जागं व्हायची वाट बघत. तोपर्यंत टोकनं संपतात."

मग त्यानं फाइल उघडली असावी. "एक मिनिट, ही ओळ इतक्या वर कोणी टाकली?"

कोणी केव्हा काय लिहिलं ते तिथं दिसतंच. तरी त्याला ते शोधू द्यावंसं वाटलं नाही. "मी," म्हणाले.

"अगं, मग तेव्हा विचारायचं ना."

"हो."

त्यानं ओरडावं असं मला वाटत होतं. तो फक्त "बरं, करतो" म्हणाला. सहाच्या सुमाराला बदल सुरू झाल्याचा मेसेज आला, त्याखाली अंगठ्याचं चित्र. घरी जाताना मी बसस्टँडवरून गेले. रिठदच्या बाजूची जीप भरत होती. त्यात मावशी नव्हत्या.

सकाळी त्या साडेनऊलाच आल्या. दहाला मेसेज वाजले. त्यांनी नाव भरलं, रिसोड निवडलं, रिठद निवडलं. मी मागून बघत होते. यादी लगेच आली. मला बरं वाटलं. आणि त्यांनी फोन मांडीवर ठेवला.

भाऊ म्हणाले, "हाव, अशीच बसा. चा सांगतला हाये."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी पान हलकं केलं होतं, पण ते कोणाला माहीतच नव्हतं. सगळे फोन मांडीवर ठेवून चहाची वाट पाहत होते, आणि टोकनं कुठंतरी दुसऱ्या गावात संपत होती. टपरीवाला कप विसळत असल्याचा आवाज येत होता.

मी उभी राहिले. "मावशी, दाबा," म्हणाले. माझा आवाज झेरॉक्सच्या आवाजात गेला. मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, "मावशी, आता दाबा. थांबू नका."

सगळे वळले. मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भाऊंकडे. "कोन हे पोरगी?"

"मॅडम हायेत, डब्यावाल्या," भाऊ म्हणाले. "मॅडम, पुसून जाईन ना वो तिचं!"

"नाही जाणार."

"तुमाले काय मालूम?"

मी मावशींजवळ गेले, त्यांच्या फोनकडे बोट दाखवलं आणि माझ्या तोंडून, कसं कोण जाणे, त्यांच्यासारखंच निघालं, "दाबा ना वो. तुमाले जायाचं हाये ना."

त्यांनी दाबलं. टोकन आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग भाऊंना दाखवलं, मग मला. बाकीचेही धडाधड बोटं लावायला लागले. मावशी उठल्या, फोन पदरात बांधला आणि "मालाची गाडी सांगा लागते" म्हणत पळाल्या. दारातून वळून त्यांनी मला काहीतरी म्हटलं, पण बाहेर बस हॉर्न वाजवत होती.

गर्दी ओसरल्यावर भाऊंनी पुन्हा विचारलं, "खरं सांगा, तुमाले कसं मालूम होतं?"

सांगावं असं वाटलं. पण मग ती ओळही सांगावी लागली असती, आणि तिच्यामुळे रोज काउंटरपासून रिकाम्या हातानं परत गेलेली माणसंही.

"असंच," मी म्हणाले.

चहा आला तेव्हा प्यायला कोणी उरलं नव्हतं. काउंटरवर कप ओळीनं ठेवले गेले. भाऊंनी त्यातला एक उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला. "मावशीचा हाये. ते तर गेली. घ्या आता तुमीच."

त्यावर साय धरायला लागली होती. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी जाणार होती, पूर्ण कोयता. ती कुठल्या रस्त्यानं जाते मला माहीत नव्हतं. या वेळी मी 'नको' म्हणाले नाही. तो चहा मी प्यायले, आणि हेडफोन कानात घालून परत कामाला लागले.