हशा पिकवणारी बोली

पुण्याहून आलेल्या त्या दिग्दर्शकाचा मला आजही राग येतो, आणि तो जावा असं मला वाटत नाही.

तेव्हा मी बी.ए. होऊन हिंगोलीत शिकवण्या घेत होतो. पेरणीआधी बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासावी, हे सांगणारं पथनाट्य एक संस्था बसवत होती. पात्रं दोनच. कृषी अधिकाऱ्याचं काम बँकेतल्या एका मुलाला मिळालं, शेतकऱ्याचं मला. अधिकारी छापील मराठीत सगळं समजावून सांगणार आणि मी म्हणणार, "साहेब, मला तर काहीच कळून न्हाई राहिलं."

तालमीत मी ते वाक्य म्हटलं. दिग्दर्शक म्हणाला, "अजून गावठी कर."

"सर, आमी असंच बोलतो."

"असेल. पण लोकांना हसू आलं पाहिजे."

"मंग अधिकाऱ्याच्या बोलण्याला काहून हसू नये?"

त्यानं मला बाजूला घेतलं. "हे बघ, बोली ही भावनेची असते. ज्ञान सांगायला प्रमाण भाषाच लागते. यात तुझा काही दोष नाही."

दोष नाही, हे तो दिलासा दिल्यासारखं म्हणाला. तेच मला जास्त झोंबलं.

माझा जन्म सेनगावकडच्या तांड्यावरचा. घरात गोरमाटी, आम्हा बंजाऱ्यांची भाषा. गावच्या शाळेत गेलो तर पोरं माझ्या मराठीला हसली. त्यांच्यासारखं बोलायला शिकलो, तर कॉलेजात त्या बोलण्यालाही हसले. तांड्यावर माझ्या वडिलांनी कुठल्या रानात काय पेरायचं, भांडण कसं मिटवायचं, हे सगळं गोरमाटीतच ठरवलं. त्या माणसानं जन्मभर विचार केलाच नाही की काय? भाषा कोणती आणि बोली कोणती, हे व्याकरण ठरवत नाही. कोणाच्या हसण्याला कोण भितं, त्यावरून ते ठरतं.

सेनगावला बाजाराच्या दिवशी प्रयोग झाला. अधिकाऱ्यानं विचारलं, "उगवण कशी तपासाल?" मी ठरलेलं वाक्य बोललोच नाही.

"त्यात काय न्हाई कळण्यासारखं? ओल्या बारदानावर शंभर दाणे मांडा, वरून ओलं बारदान टाका, गुंडाळून सावलीत ठेवा. ओल मोडू देऊ नका. सत्तरच्या वर उगवले तर बियाणं बराबर हाय."

एक शब्द चुकला नव्हता. तरी लोक खदखदून हसले. माझेच लोक, माझ्यासारखंच बोलणारे. पुढं बसलेला एकजण शेजारच्याला म्हणाला, "काय सोंग करून राहिला बे." त्या क्षणी मला दिग्दर्शकापेक्षा त्यांचाच संताप जास्त आला. बँकेतला मुलगा गोंधळून माझ्याकडं बघत राहिला.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक धावत आला. मला वाटलं, आता झापणार. त्यानं पाठ थोपटली. "कमाल केलीस. शहाणपणा शिकवणारा अडाणी. हेच ठेवू."

मी पँटवरून नेसलेलं नाटकातलं धोतर सोडून त्याच्या हातात दिलं. "उद्यापासून दुसरा बघा."

"अरे, कौतुक करतोय तुझं."

"तेच नको मला."

मी सवारीच्या जीपमध्ये बसून एकटाच हिंगोलीला आलो.

मागच्या वर्षी तोच माणूस इथल्या एका कॉलेजात बोलींच्या जतनावर भाषण द्यायला आला होता. आता मी शाळेत शिक्षक आहे, म्हणून मलाही बोलावणं होतं. बोली हा आपला ठेवा आहे, असं तो बराच वेळ शुद्ध मराठीत सांगत होता. मग त्यानं मला ओळखलं आणि स्टेजवरून म्हणाला, "आमचे जुने कलाकार बसलेत. दोन वाक्यं होऊन जाऊ द्या तुमच्या बोलीत."

मी उभा राहिलो. "आपण आपले विचार आधी बोलीत मांडा. मग मी बोलेन."

तो हसला. "अहो, गंमत म्हणून सांगतोय."

"म्हणूनच बोलणार नाही."

आणि मी हॉलमधून बाहेर पडलो. त्या कॉलेजातले प्राध्यापक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यानं माझं काही अडत नाही.