चौकातला धूसर डाग

आमच्या इमारतीत तिला सगळे घार म्हणतात, आणि तीही हाकेला ओ देते. तिसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दोन खोल्यांत ती, तिची मावशी आणि मावशीचे यजमान राहतात. आई गेली तेव्हा घार जेमतेम पाऊल टाकायला लागली होती. मावशीने तिला उचलून आणलं ते कायमचंच. मोठी झाल्यावर ती एका स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढायची. दिवसभर लोकांना "मान सरळ, हनुवटी खाली" म्हणायची आणि झोपेतही तेच बडबडायची, असं मावशी सांगते. मग तिने कुणाचा तरी वापरलेला ड्रोन घेतला आणि स्टुडिओ सोडला. आता घरं विकणारे, शाळावाले, पुलाचे ठेकेदार तिला बोलावतात. ती खाली उभी राहून वरचं बघते. घार हे नाव तेव्हापासूनचं.

तिच्याकडे एक चपटी डबी आहे. तिच्यात नखाएवढ्या काळ्या काचा ओळीने बसवलेल्या. काही चहासारख्या फिक्या, काही तव्याच्या बुडासारख्या. त्यांना एनडी फिल्टर म्हणतात. मावशी त्यांना गॉगल म्हणते, आणि ड्रोनला माशी.

"माणसाला एक गॉगल मिळायची मारामार, आणि ह्या माशीला डबीभर," मावशी म्हणायची.

"माशीला पापण्या नसतात गं," घार म्हणायची. "ऊन झालं की तिचा डोळा नुसता मिचमिच करतो. मग व्हिडिओत गाड्या धक्के खात जातात, पंख्याची पाती टकटक उडतात. काळी काच लावली की उजेड कमी आत येतो, डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवता येतो. मग सगळं लोण्यासारखं सरकतं."

ती काच माझ्या डोळ्यांदेखत लावायची, जिन्यावर बसून. ड्रोन बंद असतानाच लावायची, नाहीतर कॅमेऱ्याचा तो इवलासा हात जादा वजनाने थरथरतो. काचेच्या कडेला धरायचं, मध्ये बोट लागलं तर आकाशात बोटाचा ठसा. आणि काच लावण्याआधी एक फेरी उघड्या डोळ्याने मारून यायचं, एक साधा फोटो घ्यायचा, म्हणजे चौकट बरोबर बसली का ते कळतं. ही तिची शिस्त. पोरगी कामाला चोख, यात वादच नाही.

मावशीचं काम त्याहून चोख. बाजाराच्या चौकात कारंज्याजवळच्या कोपऱ्यावर तिचं इस्त्रीचं टेबल. वर निळं प्लास्टिक. दवाखान्यांचे पांढरे कोट, शाळांचे गणवेश, आमच्यासारख्यांचे शर्ट. पाणी शिंपडणं, झटकणं, दाबणं, घडी, पुन्हा झटकणं. तिचा हात थांबलेला मी पाहिलेला नाही. टेबलाला लागून एक खुर्ची, त्या खुर्चीत मावशीचे यजमान, म्हणजे काका. पाठीच्या दुखण्यावरून त्यांनी गोदामातली नोकरी लवकर सोडली. सकाळी वर्तमानपत्र घेऊन मावशीबरोबर निघायचं आणि संध्याकाळी तिच्याबरोबर परतायचं. बाजारातले लोक त्यांना अध्यक्ष म्हणतात. त्यांना ते आवडतं.

तर हा बाजार नव्या, छताच्या इमारतीत जाणार असं ठरलं. आत गाळे, प्रत्येक गाळ्याला वीज आणि शटर. इतकी वर्षं ऊन-पावसात उभी राहिलेली मावशी एकदम गाळ्यातच बोलायला लागली. गाळ्यात इथे रॅक, गाळ्यात तिथे आरसा. काका म्हणाले, "खुर्ची मावेल ना?" ती म्हणाली, "तुमची सोय आधी बघते."

त्याच सुमारास बाजाराच्या कार्यालयाने घारला बोलावलं. जुन्या चौकाचा एक मोठा फोटो भिंतीवर लावायचा होता, आठवण म्हणून. व्यवस्थापक बाईंची एकच अट. गर्दी नको, गबाळं दिसतं. कारंजं, टेबलं, दुकानं, झाडं, बस्स.

"भर सकाळी बाजारात गर्दी नको?" मी घारला विचारलं. "पोलीस आणणार का?"

"ही आणणार," म्हणत तिने डबीतली सगळ्यात काळी काच दाखवली. "ही लावली की दिवसा रात्र. मग डोळा काही सेकंद सताड उघडा ठेवायचा. तेवढ्यात जो चालतो तो विरघळतो. गाड्या जातात, माणसं जातात, कारंज्याचं पाणी धुक्यासारखं होतं. जे हलत नाही तेवढंच उरतं. फक्त वारा नको, नाहीतर माशीच हलते."

वारा नव्हता. माशी फार वर न नेता तिने चौक समोरून तिरका टिपला. फोटो असा निघाला की बघणारा गप्प व्हावा. मीही पाहिला तेव्हा म्हटलं, हा आपला चौक नव्हेच. कुणीतरी हळुवार हाताने माणसं उचलून बाजूला ठेवली होती. कार्यालयाने तो भिंतभर छापला.

पुढचं जे झालं ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कार्यालयातल्या एका नव्या कारकुनाला गाळ्यांसाठी जागा मोजायच्या होत्या. एवढा स्वच्छ फोटो आयता मिळाल्यावर तो उन्हात कशाला फिरेल? त्याने फोटोतल्या प्रत्येक टेबलाला आकडा दिला. टेबलाशी जो माणूस दिसतोय त्याला ओळखून त्याचं नाव पुढे. नाव लागेना तिथे बाजारात माणूस पाठवून विचारायचं, हा फोटोतला कोण? आकडे आणि नावं चिकटवून फोटो पुन्हा भिंतीवर. ज्याचं नाव, त्याचा गाळा.

नावं लागली त्या दुपारी मी शर्ट घ्यायला गेले होते. मावशी म्हणाली, "चला, माझा नंबर बघून येऊ." घारही होती. टेबल काकांच्या हवाली करून आम्ही तिघी गेलो.

मावशी फोटोच्या अगदी जवळ गेली. तिने बोट ठेवलं. "हे आपलं टेबल. ही इस्त्री ठेवायची वीट. हे तुझे काका बसलेत, बघ, पेपरातला मथळासुद्धा वाचता येतोय." मग बोट आकड्यापाशी गेलं. आकड्यापुढे काकांचं नाव होतं.

बोट टेबलामागे सरकलं, पुन्हा पुढे आलं, पुन्हा मागे गेलं, घडीत राहिलेली सुरकुती चाचपावी तसं.

"मी कुठंय?"

घारच्या हातातली चावी खाली पडली. ती उचलायलाही वाकली नाही.

"मावशी, तू हलत होतीस."

"मी काम करत होते."

"तेच," घार म्हणाली. "जे हलतं ते येत नाही ह्यात."

"आणि जे बसतं?"

उत्तर भिंतीवर होतंच. काका, मांडीवर मांडी, पेपर उघडा. चष्म्याची काडीसुद्धा काडीसारखी.

कारकून जागेवरून न उठता म्हणाला, "काकू, आम्ही माणूस पाठवून विचारलं होतं. फोटो दाखवला, इथे बसणारे तुम्हीच का म्हणून. ते हो म्हणाले."

यात खोटं काहीच नव्हतं. मला एकदम हसू आलं आणि लगेच कानशिलात बसल्यासारखं झालं. आयत्या बिळावर नागोबा बसतो ते आपल्याला ठाऊक असतं, पण ह्या नागोबाला आपण बिळात आहोत हेच माहीत नव्हतं.

मावशी परत गेली, तिने इस्त्री तापवली आणि राहिलेले कोट संपवले. काकांनी विचारलं, "कितवा नंबर?" तिने कोट झटकला.

संध्याकाळी घारने मला हाक मारली. मावशी आत पडून होती, भिंतीकडे तोंड करून. घारने लॅपटॉप उघडला होता. मला म्हणाली, "जरा बघता का? मला एकटीला बघवत नाही."

पडद्यावर तोच चौक होता, पण छापायला देण्याआधीचा, कच्चा. मावशीच्या टेबलामागे धूसर काहीतरी होतं. आरशावर श्वास सोडल्यावर येतं तसं. त्या धूसर डागाच्या खाली, टेबलाच्या पायाशी, दोन पाय होते. स्पष्ट. मावशीच्या तपकिरी चपला, डाव्या चपलेचा पट्टा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेला. इस्त्री करताना माणूस कमरेपासून वर हलतो, पाय रोवलेले असतात.

"हे छापलेल्यात नाही," मी म्हणाले.

"मी पुसलं."

"काय?"

"मला वाटलं, काचेवर वाफ धरली. डाग समजून पुसला. आणि चपला... वाटलं, कुणाच्या तरी पडल्यात. गबाळं दिसेल." तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. "हा पट्टा मी शिवलाय. माझ्या हाताने शिवलाय, आणि माझ्याच हाताने पुसला. किती वेळ बसले होते मी ह्या फोटोवर. झाडाची एक फांदी सरळ करत बसले. मावशी नाही, हे मला दिसलंच नाही."

खरं सांगायचं तर मीही तो फोटो पाहून वा म्हणाले होते. माझाच शर्ट होता त्या टेबलावर.

आतून मावशीचा आवाज आला. "बाकीच्यांचे डाग पण पुसलेस का गं?"

घारने कच्चा फोटो मोठा केला आणि टेबलामागून टेबल बघायला लागली. गुच्छ बांधणाऱ्या बाईच्या जागी डाग. तिचा सासरा स्टुलावर, नाकावर ऊन. बॅगांच्या चेन बसवणारीच्या जागी डाग. शेजारी तिचा दीर, गुडघ्यावर मोबाइल. भांड्यांना कल्हई करणारा मुका म्हातारा, तोही डाग. त्याच्या टेबलाला टेकून उभा असलेला गप्पिष्ट मात्र हुबेहूब. छापलेल्या फोटोत हे सगळे डाग नव्हते. घारने काम चोख केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन कार्यालयात गेली. मावशी आणि मी मागे. व्यवस्थापक बाईंना तिने आधी उघड्या डोळ्याचा फोटो दाखवला, काच लावण्यापूर्वीचा. चौक गच्च भरलेला. मावशी टेबलामागे, एक हात इस्त्रीवर, दुसऱ्या हाताने बाही ताणलेली, तोंड अर्धवट उघडं, बहुतेक काकांना काहीतरी सांगत असावी.

"ह्यात तर दोघंही आहेत," व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "काम कोण करतं ते कसं कळायचं? दोघांच्या नावे करू या."

"मॅडम, आता दुसरा बघा." घारने कच्चा फोटो शेजारी लावला. "पहिला पापणी लवायच्या आत घेतलाय. दुसऱ्यात डोळा बराच वेळ उघडा होता. ह्या टेबलाशी दोन माणसं आहेत. त्यातला एक तेवढ्या वेळात तसूभर हलला नाही. न हलता इस्त्री करून दाखवा मला. हाताखालचा कपडा जळेल."

व्यवस्थापक बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. त्या पहिला फोटो बघायच्या, मग दुसरा. मग त्या उठून भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे गेल्या.

"ह्यात एकही बाई नाही," त्या हळू म्हणाल्या. "हा फोटो रोज माझ्या समोर आहे."

कारकून म्हणाला, "मॅडम, तुम्हीच म्हणालात गर्दी नको."

"मी गर्दी नको म्हणाले होते."

"हीच ती," मावशी म्हणाली. तिचं बोट कच्च्या फोटोतल्या डागांवर होतं.

भिंतीवरची नावं काढून टाकली. पुन्हा जागेवर जाऊन, माणसं बघून, विचारून लिहायचं ठरलं. घारने फोटोची मजुरी नको म्हटलं, तर मावशी तिथेच खेकसली, "फुकट काम करायची सवय मला आहे, ती तुला नको." मावशीच्या टेबलाचं मात्र एक अडलं. नाव एकदा काकांच्या होकाराने लागलं होतं, ते यादीतून काढायला त्यांची सही हवी.

काकांना बोलावलं. ते घाईने आले, वर्तमानपत्र घडी करून बगलेत. घारने त्यांना दोन्ही फोटो दाखवले आणि एका दमात सगळं सांगितलं, चढा आवाज न करता. ते पडद्याजवळ गेले. स्वतःकडे बघितलं. मग टेबलामागच्या डागाकडे, मग खाली चपलांकडे. चपला त्यांनी ओळखल्या. त्यांचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. वयात आलेल्या पोराचं चारचौघांत आईने नाक पुसावं तसा.

"मी हलतसुद्धा नाही?" त्यांनी विचारलं. कुणाला ते कळलं नाही.

कारकुनाने कागद पुढे केला. त्यांनी सही केली. पेन टेबलावर ठेवायला गेले तर ते घरंगळून खाली पडलं. मावशीने वाकून उचललं आणि कारकुनाला दिलं.

"तू सांगायचं तरी होतंस," काका तिला म्हणाले.

"काय?"

"की मी इतका बसतो."

मावशीने त्यांच्याकडे नीट बघितलं, बऱ्याच दिवसांनी बघावं तसं.

"मी थांबले कधी होते सांगायला?" ती म्हणाली, आणि कोट न्यायला दवाखान्याचा माणूस येऊन उभा असेल म्हणून निघाली.